एक्केचाळीस

गड्डीगोदामात, चर्चच्या मागच्या खोलीत
गुरुवारी आम्ही नऊ जण आणि एक कूलर.
"एक्केचाळीस दिवस," असं म्हणणार होतो मी.
टाळ्यांचीही सवय लागते, तीही सुटत नाही.

पण ओल्या वाळ्याचा वास आला
आणि आठवला घरच्या कूलरच्या टाकीतला पव्वा,
सोमवारपासून गार होत पडलेला, अर्धा.
एस्तेर रोज त्यात पाणी भरते. बोलत नाही.

प्रभू, तुला टाकीचा तळ दिसतोच.
मग प्रार्थनेत इतके घट्ट डोळे मिटून
मी कोणापासून लपत होतो?

"तीन," म्हणालो.
टाळी वाजली नाही.
थिओफिलकाकांनी आपल्या कपातला अर्धा चहा
बशीत ओतला, माझ्याकडे सरकवला.

आता घरी जाऊन टाकी उपसायची,
एस्तेर समोर असताना.