वयाचा रकाना

उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवलंय
मुलीच्या लग्नाचं वय.
आकडा होता तिथलाच पोपडा निघालाय.
मागच्या पावसाळ्यापासून
त्या वाक्यात नुसतं 'वर्षे' उरलंय.

मी दैवशाला. कुंभारझरीची आशा.
बाराशे लोकवस्ती, एक वजनकाटा,
एक मोबाईल, त्याला रेंज
मारुतीच्या पारावर चढल्यावर येते.
तीन महिन्यांचं मानधन तालुक्याला अडकलंय,
साडी मात्र वेळेवर आली.

मंगळवारी शिवकन्या आली, सासूच्या मागं चालत.
उंची चार फूट सहा इंच. वजन सदतीस.
बोटाला सुई टोचली
तर थेंब यायला तयार नाही, दाबून काढला.
रक्त सहा पूर्णांक आठ.
पाचवा महिना सरत आलेला
आणि ती खिडकीतून बघत होती
शाळेतल्या पोरींचा लंगडीचा डाव.

वय?
"लिवा एकोणीस," सासू म्हणाली,
दुकानात म्हणावं तसं, द्या पावशेर.

एकोणीस लिहिलं की सगळं सरळ.
बँकेत पैसे येतात हप्त्याहप्त्यानं,
आहाराचं पाकीट, बाळंतपणाला गाडी,
माझ्या कामाचेही चार पैसे निघतात.
खरं लिहिलं की फौजदार येतो.
नवरा आत. तो तरी केवढा,
ओठावरची लव अजून कोवळी.
सासरा मला बघून घेतो,
आणि यापुढची पोर
उपकेंद्राची पायरीच चढत नाही,
जाते ती पाटी नसलेल्या दवाखान्यात, रात्रीची.

मागच्या साली माळावरच्या वस्तीत
एकीचं मी एकोणीस लिहिलं होतं.
स्वच्छ अक्षरात.
तिची नोंद बंद केली ती तारीखही
मीच लिहिली, त्याच अक्षरात.
कारण: रक्तस्राव.
वय: एकोणीस.

माझ्या दाखल्यावर एक जून आहे.
गुरुजींनी आमच्या अख्ख्या वर्गाला
एकाच दिवशी जन्माला घातलं.
माय म्हणायची, ज्वारी हुरड्यात होती तवाची तू.
म्हणजे थंडी असणार.
नववीतून काढलं तेव्हा आकडा कुणी विचारला नाही.
विचारला असता तर मीही एकोणीसच म्हणाले असते,
पाठ करून घेतलं होतं.

मी रकाना मोकळा ठेवला.
ॲप मोकळा रकाना घेत नाही,
चौकट लाल होते, पुढं सरकत नाही.
नको सरकू.

बुधवारी तिला जिंतूरला नेलं.
सासू, ती, मी, आणि ऑटोत कोथिंबिरीचे दोन कट्टे.
येलदरीच्या वळणावर उलटी झाली,
तोंड पुसत म्हणाली,
"ताई, तिथं टीव्ही असतो का?"

डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं, वय.
सासूनं तोंड उघडलं.
मीही उघडलं,
काय म्हणणार होते मला अजून ठाऊक नाही.

"पंधरा," शिवकन्या म्हणाली.
"पोळ्याला सोळावं लागंल."
हजेरी देतात तशी,
उभं राहून.

पंखा फिरत राहिला.
डॉक्टरीणबाईंनी आता मान वर केली,
टेबलावरचा फोन जवळ ओढला,
मग तो तसाच ठेवून उठल्या, दार लोटलं.
आधी लोहाचं सलाईन, म्हणाल्या,
लिहायचं तर आहेच, ते कुठं पळतंय.

बाहेर सासू कुणाला तरी फोन लावत होती,
आवाज भिंतीतून येत होता, माझं नाव दोनदा.
मी बाटली खिळ्याला अडकवली.
तांबूस काळं पाणी,
विहिरीचा तळ ढवळल्यासारखं.

शिवकन्या पडल्या पडल्या थेंब मोजत होती.
चाळीसपर्यंत आली, पुढं चुकली,
माझ्याकडं बघून जीभ चावली,
आणि परत एकपासून.