ऐंशी घेरे

टाक खाली ठेव बाबू, शाई वाळन तं वाळू दे.
मतदाराच्या यादीत नाव घालाचं म्हनतं,
कोनतं घालाचं थे ठरू दे आधी.

गुंफा माही मोठी बहीन.
मी उकंडी. आधीचे दोन गेले,
म्हनून उकिरड्यावर लोळवून नाव ठेवलं मायनं,
कोनाची नजर नोको लागाले.
नजर गुंफीले लागली.

बाप कोष्टी. गिरनी आली
आन् मागाच्या खड्ड्यात कोंबडी बसू लागली अंड्यावर.
बाप तिच्या बाजूले बसे, पाय खड्ड्यात सोडून,
जिथं पावडी होती तिथं पाय हालवत राहे.
गुंफा अंधारातच वना उतरून
हिंगनघाटच्या गिरनीत जाये, रीळखात्यात.
गळ्यात पितळी बिल्ला, एकशे सतरा.

पोळ्याच्या सुमाराले ताप आला तिले.
तीन दिवस. तीन खाडे.
चवथ्या खाड्याले नाव कटते.
थ्या सकाऊन माय रडली नाई.
बिल्ला राखेनं घासला, माह्या गळ्यात घातला,
गाठ दोनदा मारली.
म्हने, हाक आली का ओ देजो.

कौतिकाबाई नाईकीन.
गुंफीचं डोकं तिनं सोताच्या फनीनं इचरलेलं.
तिनं माह्याकडे पाह्यलं. लई वेळ पाह्यलं.
मंग म्हने, "गुंफे, आज उशीर झाला."
मी ओ देली.
महिन्याचा एक आना घे थे, थ्या एका हाकेचा.
मी तिले वाईट म्हनत नाई.

वर्ध्याहून डाक्टर आला पोट्ट्याइचे वय पाहाले.
रांगेत उभं करून, बैलाचे पाह्यते तसे दात पाह्यले.
बोटाले साबनाचा वास.
समोरचे दोन पडलेलेच होते माहे.
"नऊ," म्हने, आन् कारकुनानं लिहिलं.
सातवालीले हाकलून देत, नवाच्या पोट्टीले अर्धा रोज.
एका बोटानं नवाची झाली मी.

फाळक्याले हात पुरेना, तं फळीवर उभी राहो.
गुंफीचीच फळी. तेलानं काळी,
आन् तिच्यावर तिचे दोन पाय उमटलेले, आंगठ्यासकट.
माहे पाय मी त्यात ठेवो.
चारी बाजूनं जागा उरे.

ऐंशी घेरे झाले का फाळक्याची घंटी वाजे.
सूत तुटलं का गाठ, घंटी वाजली का धागा बांध,
पुन्हा फिरव.
तूस नाकात, तूस भाकरीत,
थुकलं तरी पांढरं.
थ्या घंटीपायी मोजाले शिकली मी, ऐंशीपरेंत.
त्याच्या पुढचं मले काई येत नाई.

घरी मी उकंडीच.
पन दिवेलागनीले उंबरठ्यात पाय वाजला
का कधी कधी माय चुलीपासून म्हने,
"गुंफे, आली का व?"
चुकून म्हने, असं धरून चालो मी.
बाप मान वळवून माह्या मागं पाहे.

एका साली, कोनत्या थे नाई सांगता येत,
माहे पाय तिच्या पायात बरोब्बर बसले.
दिवसभर हालली नाई मी फळीवरून.
पुढच्या साली बोटं बाहेर आली.
मी फळी उलटी केली.
"काऊन व?" कौतिकाबाईनं इचारलं.
म्हनलं, घसरते.

लग्नात तिसरं नाव मिळालं, थे नवऱ्यासंगच गेलं.
बिल्ला गिरनीनं काढून घेतला.
मानेवर दोरीचा वळ हाये अजून, पाह्यतं का?

तं लिही आता.
पन उकंडीनं कधी रोज घेतला नाई,
कोन्या वहीत तिचा आंगठा नाई.
आन् बारा वर्स जे नाव हजर होतं
थे वनेच्या काठी मातीत हाये, पह्यल्या सालापासून.
एका ओळीत दोघी मावतीन का?

नाई म्हनतं. कागद सरकारचा.

बरं. मंग वय लिहून घे पह्यले, नाव पाहू मागाहून.
वयाच्या खान्यात लिही,
घंटी अजून वाजली नाई.