पाटी पुसण्याचे पैसे

पायसांदू गावात, नदीकडच्या पेठेत
दुकानांच्या पाट्या मी रंगवतो. बत्तीस वर्षं झाली.
नवा मालक नेहमी एकच विचारतो:
एवारिस्तो, रंग टिकेल ना?
दहा वर्षं, मी सांगतो. उन्हात, पावसात.
खोटं नाही. रंग टिकतोच.

कोपऱ्यावरची ती भिंत बघा.
खरवडली तर सायकली निघतात,
सायकलींखाली चष्मे,
चष्म्यांखाली एक निळा मासा,
एक डोळा अजून उघडा.
मासा माझ्या हातचा. अठरा महिने चालला.

विल्मारच्या सायकलींचं बरं चाललं होतं.
नगरपालिकेने रस्ता खणला
आणि आठ महिने तसाच ठेवला.
सायकल खांद्यावर घेऊन कोण येणार पंक्चर काढायला?
रस्ता झाला तो मात्र गुळगुळीत झाला.
उद्घाटनाला बँड होता.

‘दोन साडू’, ताजा पास्ता.
लाल अक्षरं, मागे पिवळी सावली.
दर एकोणतीस तारखेला न्योकीसाठी रांग
पार औषधाच्या दुकानापर्यंत जायची.
साडवा-साडवांचं कधी वाजलं नाही.
बहिणींचं वाजलं.

कचेरीतल्या फॉर्मवर ‘बंद करण्याचे कारण’
लिहायला बोटभर जागा असते.
सगळे लिहितात: मंदी.
तेही खरंच. पुलापलीकडे त्यांचा पैसा घसरला
की अर्धं गाव तिकडून साबण-तेल भरून आणतं,
मीसुद्धा आणतो.
पण गुडघा कुणी लिहीत नाही.
मोठं गिऱ्हाईक मिळालं म्हणून बुडालो,
बिल चार-चार महिने अडकायचं,
असं कुणी लिहीत नाही.
कंटाळा आला, हे तर मुळीच नाही.

परवा नेलिदा एचेवेरीने बोलावलं.
बटणांचं दुकान, एक्केचाळीस वर्षांचं.
पाटी माझ्या उस्तादाची,
मी फक्त अधूनमधून अक्षरांवरून हात फिरवायचो.
उजळू का? म्हटलं.
पूस, म्हणाली.

भाडं थकलेलं नाही. कर्ज नाही.
शाळेच्या पांढऱ्या डगल्यांची बटणं मागत
गेल्या आठवड्यापर्यंत बायका येत होत्या.
मुलगी मोंतेविदेओत दातांची डॉक्टर.
तिला बटणांचा राग वगैरे नाही.
तिला बटणं नकोत, इतकंच.

शिडी लावली. शेवटच्या अक्षरापासून सुरुवात केली.
नाहीतर रस्त्यावरून जाणारे
उरलेलं भलतंच वाचतात,
असं उस्ताद म्हणायचा.
आतून खणांचे आवाज येत होते,
एकेक उघडून बघत होती बहुतेक.

पुसायचे मी निम्मे घेतो.
तिने गल्ल्यातून मोजून दिले, पावती मागितली,
वही उघडून लिहिलं:
पाटी पुसणे, सहाशे.
खाली रेघ ओढली.
बोट सरकवत, ओठ हलवत बेरीज केली.
पुन्हा एकदा केली.

जमा निघाली.