वाकडी चांदणी

दुलुथ. चोवीस डिसेंबर, दुपारचे साडेतीन,
आणि खिडकीने उजेड आवरायला घेतलाय.
सरोवरावरून आलेला वारा
दाराच्या फटीत नाक खुपसून बघतो
आत आज काय शिजतंय.

काहीच शिजत नाहीये.
इर्या ब्रोकोलीचे तुरे मोडते आहे,
गार पाण्यातून काढून, झटकून,
आणि आईच्या पाव मळायच्या फळीवर
खाली रुंद, वर निमुळतं
एक झाड रचते आहे.

फ्रिजवर चुंबकाखाली डॉक्टरांचा कागद:
लोणी नाही. साखर नाही. मीठ चिमटीपेक्षा कमी.
रेइनोच्या छातीवरचा व्रण अजून गुलाबी आहे.
तो टेबलाच्या टोकाला बसून
झाडाकडे बघतो
कुंपणावरून भांडलेल्या शेजाऱ्याकडे बघावं तसा.
"अकरा माणसं येणार आहेत," तो म्हणतो,
"की अकरा ससे?"

इर्या उत्तर देत नाही.
काळ्या कडक पावाच्या तुकड्यांचा बुंधा,
मुळ्याच्या चकत्या, कड तेवढी लाल,
चेरी टोमॅटोचे दिवे,
डाळिंबाचे दाणे हाताला येतील तसे,
बुडाशी शेपू पेरलेलं घट्ट दही: हा बर्फ.
(खरा बर्फ बाहेर गुडघाभर.)
बदाम भाजताना पहिला घाणा करपला,
तो तिने स्वतःच खाल्ला, उभ्या उभ्या.

आता शेंड्याला चांदणी हवी.
पिवळी ढोबळी मिरची ती उभी चिरते,
बिया झाडते, ड्रॉवर उपसते:
सोलाणं, सुतळी, अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या, एक आठचा आकडा,
आणि तळाशी आईचा पत्र्याचा साचा.
पाच टोकं. एक वाकडं.

एके वर्षी रेइनो बूट न काढता आत आला
आणि त्याचा पाय पडला नेमका खाली पडलेल्या साच्यावर.
हेल्मी बुटांवरून बोलली, साच्यावरून नाही.
"उद्या सरळ करून देतो, पक्कड आहे माझ्याकडे."
मग एकोणीस नाताळ
आल्याच्या बिस्किटांच्या सगळ्या चांदण्या लंगड्या.
हेल्मी म्हणायची, हसू नका तिला,
केवढ्या लांबून चालत आली आहे ती.

मार्चमध्ये हेल्मी गेली.

इर्या साचा दाबते. मिरची कुरकुरते.
चांदणी निघते, पिवळीधमक,
पाय तसाच.

रेइनो उठतो. कोट घालतो.
परसातल्या शेडमध्ये लोखंड लोखंडावर आपटतं,
बराच वेळ.
परत येतो तेव्हा उंबऱ्यापाशी
वाकून, धापा टाकत,
बूट काढतो. एक. मग दुसरा.
मोज्यांवर चालत येतो टेबलापर्यंत,
साचा उचलतो, वाकडं टोक पकडीत धरतो.

इर्या दह्यावर शेपू पेरत राहते,
गरजेपेक्षा खूप जास्त शेपू.

"गार पडली आहे पक्कड," तो शेवटी म्हणतो.
"पत्रा तुटेल."

सहाला माणसं आली, बर्फ झटकत, बोलत,
आणि झाड बुडापासून टकलं होऊ लागलं.
मार्टिआइनेन काकांनी बुंधा संपवला.
तुऱ्यांखालून फळी उघडी पडत गेली,
तिच्यावरचे सुरीचे चरे,
मध्यभागी मळून मळून आलेला खोलगटपणा,
त्यात डाळिंबाचा जरासा लाल रस साचलेला.

चांदणीला मात्र कुणी हात लावेना.
मग पाच वर्षांच्या तूलिक्कीने
खुर्चीवर चढून ती उचलली,
अख्खी तोंडात घातली, चावली,
आणि रुमालात थुंकली.
"हे बिस्किट नाहीये!"
ती सगळ्यांवर ओरडली, फसवलेल्या माणसासारखी.

रेइनो हसला.
छातीवर तळहात दाबून, दुखत असताना,
डोळे पुसत, थांबता न येता.
बाकीचे आधी घाबरले.

मग त्याने मिरचीचं दुसरं अर्ध पुढे ओढलं,
चष्मा वर सरकवला.
"अजून एक निघेल यातून," तो म्हणाला,
आणि साचा ठेवला,
वाकडं टोक कुठे येईल
ते नीट बघून.