टाच

रुस्तावीच्या बाजारात वारा आडवा येतो.
काचांवर खडूने लिहिलेल्या किमती, रांगेमागून रांग,
जर्मनीहून आलेल्या, जपानहून आलेल्या,
काहींचं स्टिअरिंग उजव्या हाताला,
म्हणजे आमच्या रस्त्यांना उलटं.

झाझाने चंदेरी ओपेलच्या बॉनेटवर थाप मारली,
घोड्याच्या मानेवर मारावी तशी.
"चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर. फक्त.
एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंची. रविवारी चर्च,
बुधवारी बहिणीकडे."

वडिलांनी मीटरकडे पाहिलंच नाही.
एकेचाळीस वर्षं ते बूट शिवतायत
कुताइसीच्या पुलाजवळ,
गिऱ्हाईक आत आलं की स्वतः बाहेर यावं लागतं
एवढ्या दुकानात.
त्यांनी दार उघडलं, गुडघे टेकले,
चष्मा कपाळावर चढवला
आणि पॅडलवरून अंगठा फिरवला.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
गाडीचे इथे.

"क्लचचं रबर नवं, ब्रेकचं जुनं.
सख्खी भावंडं नाहीत ही."
झाझा हसला. वडील नाही हसले.
चटई उचलून उजेडात धरली.
"हा टाचेचा खड्डा बघ.
पंचेचाळीस नंबरचा बूट, जड, कामाचा.
तुझ्या डॉक्टरीणबाई सैन्यात होत्या का?"

मग बराच वेळ काहीच नाही.
शेजारच्या रांगेत कुणीतरी इंजिन सुरू करून बंद केलं,
पुन्हा सुरू केलं.
एक बाई गरम लोबियानी विकत गेली.
मी दोन घेतल्या. एक झाझाला दिली.

"शहरात टाच नाचते," वडील खालूनच बोलले,
"ही नाचलेली नाही. एका जागी रोवून बसलीय
तासन्‌तास.
आणि सीटची कड शाबूत आहे, म्हणजे माणूस
सारखा चढला-उतरला नाही.
काचेवर खडीचे टिचके, देवीच्या व्रणांसारखे.
सरळ रस्ता. लांबचा. रोजचा."

दाराच्या खांबावर मला अर्धी फाटलेली चिठ्ठी सापडली,
तेल बदलल्याची, जर्मन अक्षरात:
दोन लाख अकरा हजार.
तारीख सहा वर्षांपूर्वीची.

झाझाचे कान लाल झाले. "मी नाही केलं, काका,
पोतीच्या बंदरावर उतरली तेव्हा अशीच होती."
वडील गुडघे झाडत उठले.
"वय चोरलंय तिनं," म्हणाले,
"अंग नाही चोरलं."

मी गप्प.
अकरा वर्षं बारीत होते मी,
तीन म्हाताऱ्या, एकीमागून एक, चौथा मजला, लिफ्ट नाही.
फोनवर सांगायचे: काम हलकं आहे, बाल्कनीतून समुद्र दिसतो.
परत आले त्या रात्री
सगळे झोपल्यावर पाणी प्यायला उठले तर
वडील दारापाशी बसलेले, दिवा न लावता,
माझे बूट उलटे करून मांडीवर.
सकाळी नवा तळ बसवलेला होता.
त्यावर कुणी काही बोललं नाही.

"आकडा खरा कर आणि पैसे घे."
"खरा कुणाला ठाऊक, काका?"
"मग तीन लाख लिही."
झाझाने कागदावर लिहिलं खरंच,
पेन दोनदा झटकून.
किंमत मात्र चारशे लारींनीच उतरली,
तेवढा तोही त्याच्या बापाचा मुलगा होता.

परतताना मी चालवत होते.
त्या अनोळखी माणसाच्या खड्ड्यात
माझी टाच बसली,
दोन्हीकडे जागा उरवून.
रिकोतीच्या घाटाआधी वडिलांनी खाली पाहिलं,
पॅडलकडे की माझ्या बुटाकडे, कळलं नाही.
"दुसऱ्यावर घे," म्हणाले,
"चढ आहे."