वगळलेली नोंद

प्रबंधात हे येणार नाही, म्हणून इथे लिहिते.

नेइआफूच्या धक्क्यावरून हुंगा बेटावर होडी जाते
आठवड्यातून दोनदा, तेही समुद्राच्या मनात असलं तर.
माझ्या बॅगेत रक्तदाबाचं यंत्र, सुया, पट्ट्या
आणि ऑकलंडहून आलेली बत्तीस घड्याळं,
पावलं मोजणारी, नाडी मोजणारी, झोप मोजणारी,
आणि मोजून झालं की बोलणारी.

पहिल्याच रविवारी ती बोलली.
रविवारी टोंगात कुणी काही करत नाही.
होडी नाही, शेत नाही, दोरीवर ओला कपडासुद्धा नाही.
सगळे कमरेला चटई गुंडाळून चर्चमध्ये,
आणि प्रार्थनेच्या ऐन मध्यावर
बाकाबाकांवरची मनगटं एकदम थरथरली :
‘तुम्ही तासभर बसून आहात. उठा!’
कुणी उठलं नाही.
पाद्रीबाबांनी (क्रमांक चार) हात पुस्तकाखाली सरकवला.
मी ऑकलंडला लिहिलं, रविवार वगळा.
उत्तर आलं, आठवडा सात दिवसांचा असतो.

साखरेचं खाणार त्याला देव देणार, म्हणतात.
इथे तो आधी मागतो.
एक बोट. मग शेजारचं.
मग घोट्यापासून पाय.

क्रमांक सतरा. कालोलाइने. वय एकसष्ट,
डाव्या पायाला तीन बोटं,
दारात बसून चटया विणणारी.
सहा आठवडे तिची पावलं नऊशेच्या वर गेली नाहीत.
सातव्या आठवड्यात चौदा हजार.
दुसऱ्या दिवशी सोळा.
पडद्यावर आतषबाजी उडाली, शाब्बास आलं,
मार्गदर्शक बाईंचा फोन आला :
बघ, म्हटलं होतं ना, आलेख आपल्या बाजूने वळतोय!

मी आलेखाखालची नाडी बघत होते.
धावताना एकशे ऐंशी, आणि मिनिटात खाली.
एवढं लवचीक काळीज
एकसष्टाव्या वर्षी कुणाचं नसतं.

होडी मिळाली गुरुवारी.
कालोलाइने दारातच होती, मांडीवर अर्धी चटई,
मनगट मोकळं.
मागे अंगणात तिचा नातू, सेमीसी, नऊ वर्षांचा,
फाटक्या चेंडूमागे,
आणि काळा पट्टा त्याच्या कोपराच्या वर चढवलेला,
कारण मनगटावर तो बसत नव्हता.

मी संमतिपत्र काढलं. कलम सहा वाचलं :
उपकरण दुसऱ्यास देऊ नये.
तिने विणता विणता ऐकून घेतलं.
मग म्हणाली,
‘तूच सांगितलंस ना, आजार यायच्या आधी
वाटेतच अडवायचा असतो?
माझ्याकडे तो कधीचा येऊन बसलाय, जेवतोय माझ्यासोबत.
याच्या आजोबांचे दोन्ही पाय घेऊन गेला.
या पोराच्या वाटेत उभं कर तुझं घड्याळ.
माझ्या दारात उभं करून काय उपयोग?’

मला चार वर्षं लागली होती
हेच एका परिच्छेदात लिहायला,
तेही संदर्भांची गर्दी करून.

तिने अळूच्या पानात बांधलेलं मटण पुढे केलं,
नारळाच्या दुधात निथळणारं, खारट.
कॅनमधलं मांस खाऊ नका, असं मी दर भेटीत सांगते.
हे कॅनमधलं नव्हतं, असं ती म्हणाली.
मी खाल्लं. विचारलं नाही.

रात्री आरोग्यकेंद्रात, सौरदिव्याच्या शेवटच्या तासात,
क्रमांक सतरापुढे ‘वगळले’ लिहिलं.
कारणाच्या रकान्यात चाळीस अक्षरं मावतात.
मी लिहिलं : उपकरण चुकीच्या व्यक्तीकडे.
मग ‘चुकीच्या’ खोडलं.
वाक्य अर्धवट वाटलं, तसंच ठेवलं.

एक सांगायचं राहिलं.
निघताना तिने विचारलं होतं, आणखी एक आहे का,
धाकट्या वाइसिमासाठी, सात वर्षांची आहे,
आणि सोडा फार पिते.
मी नाही म्हटलं.

बॅगेत क्रमांक नऊचं घड्याळ होतं.
क्रमांक नऊ मार्चमध्ये गेला.
स्पिरिटने पुसलेलं, चार्ज केलेलं,
होडी धक्क्याला लागेपर्यंत
ते मला सांगत राहिलं
की मी तासभर बसून आहे.