खिडकी क्रमांक नऊ

पहिल्या दिवशी मुजावर सरांनी
पाठकोऱ्या कागदावर शब्द लिहून दिले.
म्हणाले, हे आधी पाठ कर. कॉम्प्युटर मागनं.
कागदाच्या पुढच्या बाजूला
कुणाचा तरी फेरतपासणीचा अर्ज होता,
दोन हजार सातचा.

फॉर्म भरला की अर्जदार.
पैसे भरले की प्रवेशित.
कागद जुळले की पात्र,
नाही जुळले तर तात्पुरता पात्र.
माझी ऑर्डरही अकरा महिन्यांची,
हा शब्द मला लगेच समजला.
हॉलमध्ये बसला तर परीक्षार्थी, न बसला तर गैरहजर,
आणि बसूनही निकाल दिसला नाही
तर राखीव.
"राखीव म्हणजे नापास न्हवं," सर म्हणाले,
"राखीव म्हणजे हाय आपल्यापाशीच, दिल्याला न्हाई.
पोरगं रडकुंडीला आलं तर आधी हे सांगायचं."

मग नंबर. सोळा आकडी.
"नाव बदलतंय, आडनाव बदलतंय,
सही तर रोज बदलती.
ह्यो मरंस्तवर एकच."
आणि मेल्यावर?
सर चहाला गेले.

मी नंतर यादीत शोधलं.
ती स्थिती नाहीच.
रद्द करून ठेवतात.

खंड म्हणजे पुस्तकाचा, असं मला वाटायचं.
इथं खंड म्हणजे मधलं गेलेलं वर्ष.
आंबेवाडीचा अवधूत चौगले,
पुराच्या साली त्याची वह्या-पुस्तकं माळ्यावरसुद्धा भिजली,
मग तो शिरोलीला फौंड्रीत लागला.
प्रतिज्ञापत्रावर छापील ओळ :
सदर कालावधीत मी कोठेही शिक्षण घेतलेले नाही.
मनगटावर ठिणग्यांचे बारीक काळे डाग.
'कोठेही'पाशी पेन जरा थांबलं.
मग केली सही.

पुण्याहून सिस्टीमवाल्यांचा फोन आला.
तक्रारदार मुलगा आहे, नोंदीत स्त्री पडलंय,
दुरुस्त करून घ्या.
मी तक्रार वाचली.
'मी दोनदा येऊन गेलो. मी लई वेळ थांबलो.'
म्हटलं, बरोबर आहे, मुलगीच आहे ती.
आमच्याकडं बायका अशाच बोलतात.
मीपण घरी अशीच बोलतो.
पलीकडं जरा वेळ नुसती खरखर,
मग आवाज आला :
तसा ऑप्शन नाहीये, मॅडम.

तीच आज खिडकीवर. निपाणीची राजनंदिनी मगदूम.
निकाल राखीव.
कारण : स्थलांतर प्रमाणपत्र अप्राप्त.

"स्थलांतर? मी कवा केलं?
सकाळी सातच्या एस्टीनं येतो,
संध्याकाळी सहाच्या एस्टीनं जातो.
कोगनोळी नाक्यावर झोप मोडती, तेवढंच."

मी समजावलं, बोर्ड वेगळं, राज्य वेगळं,
तिकडचा दाखला इकडं लागतो.

"मग राज्य वेगळं असंल.
आमची आत्ती कागलात दिल्या,
ती न्हाई वेगळी."

स्क्रीनवर कारणांची पट्टी उघडली :
पालकांची बदली. विवाह. इतर.
मी इतर निवडलं.
चौकट म्हणाली, तपशील द्या, वीस अक्षरांत.
आत्तीचं कागल वीस अक्षरांत बसलं असतं,
पण मी 'शैक्षणिक' लिहिलं.

तिनं पावतीची घडी केली,
डब्याच्या पिशवीत चटणीचा डाग चुकवून ठेवली,
"येतो मॅडम" म्हणाली
आणि गेली.

बाहेर पडणाऱ्यांसाठी सिस्टीममध्ये सात शब्द आहेत,
उत्तीर्णपासून निष्कासितपर्यंत, मला पाठ आहेत.
ड्रॉवरमधून सरांचा कागद काढला,
तळाशी बोटभर जागा होती,
तिथं लिहिलं : येतो.
पुढं दोन टिंबं दिली.
अर्थ लिहायचा राहिला.
काचेवर कुणीतरी नाणं वाजवत होतं.